इंदूरात सफरचंदांची जत्रा भरवता येईल का? लालबागेत वगैरे?

रामबागची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

ऑक्टोबरात मी आणि हे लेकीकडे होतो, इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ. एका रविवारी जावई म्हणाले आई आज सफरचंदांच्या जत्रेला जाऊ, मला वाटलं पाळणे असतील, खाण्याचे ठेले असतील. गेलो तर एक जुनी हवेली, तिच्या मागे उंच विटांच्या भिंतीतली बाग आणि आत सगळं गाव गोळा झालेलं, प्रत्येकाच्या हातात पिशवी नाहीतर टोपली, एकीने तर बाळाला कडेवर घेतलेलं आणि बाळाच्या गाडीत सफरचंदं. सगळी आपापल्या घरामागची. विकायला नाही हो, तिथे घरोघरी एखादं झाड असतं आणि फळं एवढी लागतात की खाऊन संपत नाहीत, गवतात पडून सडतात, तर ती इथे आणायची, चरकातून रस काढायचा आणि आपल्याच बाटलीत भरून घरी न्यायचा.

चरक सांगते कसा. आधी मोठ्या टबात फळं धुवायची, किडका सडका भाग काढून टाकायचा, मग हाताने फिरवायच्या यंत्रात त्याचा ठेचा, तो ठेचा फडक्यात गुंडाळून लाकडी फळ्यांमध्ये एकावर एक थप्पी लावायची आणि वरून स्क्रू आवळत जायचा. रस खाली येतो तेव्हा फिकट असतो, पेल्यात बघता बघता चहाच्या रंगाचा होतो. मी पण दांडा फिरवला, दुसऱ्या दिवशी खांदा धरला. गांधीलमाशा इतक्या की विचारू नका, पण कोणी किंचाळत नव्हतं.

एका टेबलावर दोन म्हातारे बसलेले, आपल्या झाडाचं फळ त्यांना द्यायचं, ते कापून बिया बघून हुंगून त्याची जात सांगणार. मुलांची साल काढायची स्पर्धा, सगळ्यात लांब न तुटलेली साल ज्याची तो जिंकला. आणि ती साल मुलींनी खांद्यावरून मागे टाकायची, जमिनीवर जे अक्षर पडेल ते होणाऱ्या नवऱ्याचं. आता साल पडणार ती इंग्रजी 'एस'सारखीच, म्हणजे तिथल्या सगळ्या पोरींना सुरेश नाहीतर सतीश 😄

लेकीने दोन गोष्टी सांगितल्या त्या डोक्यातून जात नाहीयेत. एक म्हणजे तिथून जवळच साउथवेल म्हणून गाव आहे, तिथे १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या लहान मुलीने अंगणात बी लावलं, झाड मोठं झालं, पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं आणि फळाचं नाव पडलं ब्रॅम्ली. बी लावलं पोरीने, नाव लागलं खाटकाचं. आज तिथे शिजवायच्या सफरचंदांत तेच पहिलं. दुसरं म्हणजे ही 'ॲपल डे'ची प्रथा काही पुरातन नाही, २१ ऑक्टोबर १९९० ला कॉमन ग्राउंड नावाच्या संस्थेने लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये पहिल्यांदा केली, कारण जुन्या बागा तोडल्या जात होत्या आणि शेकडो जाती नाहीशा होत होत्या.

आता इंदूरला परत आल्यापासून हेच डोक्यात चालू आहे. आमच्या महिला मंडळाला दर वर्षी तेच ते हळदीकुंकू आणि अंताक्षरी करून कंटाळा आलाय. मंडीतून सफरचंदं आणून लालबागेत, त्या होळकरांच्या महालाच्या आवारात, असं काही करता येईल का? परवानगी कोण देतं? आणि तो चरक इथे कुठे मिळेल? हे म्हणतात तू वेडी झालीस. तुम्ही सांगा.


मंडीवाले_काका

ताई राम राम. चोइथराम मंडीत माझी ३० वर्षं गेली म्हणून हक्काने सांगतो, सफरचंदाचा नाद सोडा. आपल्याकडे येतं ते आधी हिमाचलचं आणि मग काश्मीरचं, पेटीत भरून, ट्रकमध्ये किती दिवस राहून, आणि फाल्गुनानंतर जे खाता ते कोल्ड स्टोरेजचं. विकत आणलेल्या पेटीवर कसला सुगीचा आनंद? म्हणजे सुगी काश्मीरवाल्याची आणि नाचायचं आपण. शिवाय ते डिलिशियस जातीचं, नुसतं गोड, त्याचा रस काढला तर साखरपाणी लागेल, तुम्ही तिथे प्यायलात त्यात आंबट जाती मिसळलेल्या असणार.

आणि हिशेब बघा. ताकदीने दाबलं तरी १० किलोला ५-६ लिटर रस. तीनशे माणसांना अर्धा अर्धा पेला द्यायचा तरी पेट्यांवर पेट्या लागतील, वर्गणी कोण देणार? मंडळाचा कोषाध्यक्ष झीट येऊन पडेल.

चरक वगैरे नवीन कशाला, उसाच्या चरखीत घालून बघा म्हणणारा कोणीतरी येईलच, त्याला आधीच सांगतो, मी घालून बघितलंय. चिखल होतो.


पुणेकर_जावई

बायको इंदूरची त्यामुळे हा धागा वाचायचा हुकूम झालाय. ती म्हणते सफरचंद सोडा, जामची जत्रा करा. आमच्याकडे जाम म्हणजे ते पांढरं पाणीदार घंटेसारखं फळ, त्याची जत्रा इंदूरात??


रामबागची_सून

@पुणेकर_जावई अहो जावईबापू जाम म्हणजे पेरू! लग्नाला किती वर्षं झाली? अजून कोणी जिरावन मसाला टाकून जाम खाऊ घातला नाही वाटतं.


बागेतला_माणूस

ताई, सफरचंद इथे का होत नाही ते आधी. झाडाला थंडीतली झोप लागते, सात डिग्रीच्या खाली हजारेक तास काढले की मगच वसंतात नीट मोहोर येतो, ही झाली डोंगरातल्या जातींची गोष्ट. माळव्यात तेवढे तास कुठून आणणार, आपल्याकडे जानेवारीत दोन आठवडे शेकोटी पेटली की दुपारी परत पंखा. कमी थंडीच्या जाती आहेत, ॲना इस्रायलची, डॉरसेट गोल्डन बहामाची, आणि आपली एचआरएमएन-९९, ती हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पन्याला गावच्या हरिमन शर्मांनी तयार केली, खालच्या गरम पट्ट्यात वाढणारी, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मी पण हौसेने एक कलम आणून लावलंय निपानियाच्या प्लॉटवर. चौथ्या वर्षी अकरा फळं धरली, त्यातली सात पोपटांनी खाल्ली, उरलेल्या चारांचे फोटो काढून शेजाऱ्यांना इतक्या वेळा दाखवले की आता ते मला बघून रस्ता बदलतात. जत्रा भरेल एवढं नाही होत.

पण काकांचं अर्धंच बरोबर आहे. ताईंनी जे बघितलं त्यात मोठी गोष्ट सफरचंद नव्हतीच, आपापल्या घरचं फळ घेऊन येणं ही होती. मग आपल्या घरामागे काय आहे ते बघा ना. रामबाग, नारायण बाग, स्नेहलतागंज इकडच्या जुन्या वाड्यांमागे अजून सीताफळ आहे, जाम आहे, कुठे कुठे बेल, कवठ, आवळा. दर वर्षी एक वाडा पडतो, मल्टीस्टोरी उभी राहते, झाड जातं आणि त्याची जात कोणालाच माहीत नसते. ब्रॅम्लीचं बघा, सफरचंदाच्या बीतून आईसारखं फळ येत नाही, त्या एका झाडाची कलमं करत करत ते देशभर गेलं. आपल्याकडची सीताफळं बहुतेक बियांवर वाढलेली, म्हणजे प्रत्येक झाड वेगळं, एखाद्या वाड्यातलं असं असतं की गर जास्त आणि बिया नावाला. ते झाड पडलं की संपलं. कलमासाठी त्याचा डोळा काढून ठेवला असता तर? तुमचं ते दोन म्हाताऱ्यांचं टेबल मला सगळ्यात आवडलं. एक म्हातारा मी व्हायला तयार आहे.

फक्त सीताफळाचा रस काढायचा म्हणाल तर नाही. गर चरकात जाणार नाही, हवेत काळा पडतो, आणि बिया चुकून वाटल्या गेल्या तर विषारी. पूर्वी उवांवर लावायचे त्या बिया, डोळ्यात गेलं तर बोंबलायची वेळ. जाम पण पावसाळ्यातला नको, अळी असते, थंडीतला घ्या, त्याचीही जेली चांगली, रस नाही.


निवृत्त_बाबू

परवानगीबद्दल विचारलंय म्हणून. लालबाग राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. १८८६ ला महालाचं काम सुरू होऊन १९२१ पर्यंत चाललं, बकिंगहॅम पॅलेससारखी फाटकं इंग्लंडात ओतून मुंबईमार्गे आणवली हे सगळ्यांना पाठ आहे. मैदानात मेळे भरतात, मालवा उत्सव तिथेच होतो, त्यामुळे मैदानाचा अर्ज अशक्य नाही. पण महालाच्या जवळ, त्यातून रस सांडणार, माशा येणार, शेगडी पेटणार म्हटलं की फाइल अडकली समजा. केंद्राच्या ताब्यातल्या स्मारकांना तर १९५९ चे नियम आहेत, ठरवून दिलेली जागा सोडून आत स्वयंपाक करायचा नाही आणि खायचं पण नाही. मी एकदा एका जुन्या वास्तूत (नाव नको) एका मंडळाचा फराळाचा कार्यक्रम बघितलाय, दगडी फरशीवर तेलाचे डाग पडले ते अजून आहेत, दर वेळी गेलो की दिसतात. परवानगी मिळाली म्हणजे करावंच असं नाही, एवढंच म्हणतो.

मला विचाराल तर जागा दुसरीच आहे. कृषी महाविद्यालय. हसू नका. १९२४ ते १९३१ इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिथे होते, होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती. तिथेच काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक दिवसांनी उलथून तीनेक महिन्यांत खत करायची पद्धत बसवली गेली, जगभर तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. आणि १९३१ मध्ये त्यावर जे पुस्तक आलं त्यावर दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड. वाडांचं नाव इंदूरच्या किती मराठी घरात माहीत आहे ते मला विचारू नका, रक्तदाब वाढतो. तुमच्या त्या ब्रॅम्लीसारखंच झालं, लावलं कोणी आणि नाव कोणाचं.

हॉवर्ड स्वतः इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या शेतकऱ्याचा मुलगा. परत गेल्यावर हीच पद्धत तिथल्या शेतकऱ्यांना आणि बागवाल्यांना सांगत फिरला. म्हणजे ताई, तुम्ही ज्या बागेत दांडा फिरवून आलात तिथला चोथा जर खताच्या ढिगात गेला असेल, तर तो ढीग नात्याने इंदूरचाच.

आणि सणातून शहर सुधारायचं म्हणाल तर तेही इथे झालंय. प्लेगच्या दिवसांत, १९१७ च्या सुमारास, पॅट्रिक गेडिस म्हणून नगररचनाकार दरबाराने बोलावला होता, त्याने दिवाळीची मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की ज्या रस्त्यावर घरं सगळ्यात स्वच्छ तिथूनच मिरवणूक जाणार. लोकांनी गाड्या भरभरून कचरा काढला. मिरवणुकीत पिकं होती, उंदराचं सोंग होतं, आणि सफाईवाले पांढऱ्या कपड्यात हार घालून मानाने चालत होते. इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर आत्ताआत्ताचा, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची.


पुणेकर_जावई

वाड! हे माहीतच नव्हतं. बायको म्हणते तिला माहीत होतं. (नव्हतं.)


जुन्या_इंदूरची

मला टायपायला वेळ लागतो, नातू मदत करून राहिलाय, चुका झाल्या तर त्याच्या.

सगळं वाचलं. तुम्ही सगळे इंग्लंड, लंडन, लालबाग करून राहिलात, अरे पण हे तर आपलं आवळीभोजन! कार्तिकात शुद्ध नवमीला करत होतो ना आपण? माझं लहानपण स्नेहलतागंजात गेलं. त्या दिवशी सकाळी वाड्यातल्या पाच-सहा घरच्या बायका, पोरं आणि डबे असे दोन टांगे भरून पिपल्यापाल्याच्या तळ्याकडे जायचो, तेव्हा तिकडे सगळं रान होतं. आवळीला हळदकुंकू, सूत गुंडाळत प्रदक्षिणा, आणि मग झाडाखालीच पंगत. पानात आवळा पडला तर भाग्याचा म्हणून पोरं मुद्दाम फांदीखाली पान मांडायची आणि मोठा भाऊ मागून फांदी हलवायचा. स्वयंपाक तिथे कोणी करत नव्हतं, सगळं घरून, पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, भरली वांगी, प्रत्येक घरची वेगळी. येताना पदरात आवळे बांधून आणायचे, त्याचा मोरावळा वर्षभर. माझी आई डब्यावर चिठ्ठी लावायची, कुठल्या झाडाचा, कारण बाईंच्या वाड्यातल्या आवळीचा मोरावळा तुरट राहायचा आणि तळ्याकडच्याचा नाही. तेच ते तुमच्या दोन म्हाताऱ्यांचं टेबल झालं की.

टांगे गेले, मग मेटाडोर, मग सगळ्यांना वेळ नाही. आता नवमीला सोसायटीत कुंडीतल्या आवळ्याच्या फांदीला सूत गुंडाळतात आणि फोटो पाठवतात. मी पण पाठवते, खोटं कशाला बोलू.


मंडीवाले_काका

आजी नमस्कार. पाय कुठे आहेत तुमचे, मी सुदामा नगरहून येतो.

आता मी पलटी मारतो. आवळा असेल तर मी तुमच्याबरोबर आहे. दिवाळीनंतर आवक सुरू होते, भाव पडलेले असतात, आणि लोकांच्या घरचा पण असतो जो कोणी खात नाही कारण तोंड तुरट होतं. रस निघतो, किसून फडक्यातून पिळला तरी निघतो. मधात नाहीतर सैंधवात मस्त लागतो.


रामबागची_सून

आजी 🙏 मी वाचून गप्प बसले पाच मिनिटं. माझ्या सासूबाई पण आवळीभोजन सांगायच्या आणि मी हो हो करून भाजी चिरत राहायचे. आणि त्यासाठी मला विमानाने नॉटिंगहॅमला जावं लागलं.

तर आता असं डोक्यात आहे. पुढच्या कार्तिकात नवमीच्या आसपासचा रविवार. ज्याच्या घरी जे फळ आहे ते आणायचं, आवळा तर आवळा, उशिराचं सीताफळ तर सीताफळ, बेल, कवठ, लिंबू, काहीही, पण मंडीतलं विकत नको (काका रागावू नका). डबे घरून, शेगडी नाही. आवळ्याचा रस तिथे, सीताफळातल्या बिया किती हे मुलांनी न फोडता ओळखायचं, सालीच्या स्पर्धेऐवजी. जातीच्या टेबलावर बागेतला_माणूस आणि आजी. आजी तुम्हाला घ्यायला गाडी पाठवते, टांगा नाही मिळाला तरी. जानेवारीत जाम वेगळा करू, तेव्हा जेली घरून करून आणायची. चोथा आणि सालं यशवंत वाडांच्या पद्धतीने तिथेच थर लावून, कॉलेजवाले हो म्हणाले तर. बाबूसाहेब, अर्जाचा मसुदा तुम्ही कराल का? माझं सरकारी मराठी आणि सरकारी हिंदी दोन्ही कच्चं.

फक्त चरकाचं कोडं राहिलं.


निवृत्त_बाबू

मसुदा करतो. अर्ज हिंदीत जाईल. त्यात 'मेळा' शब्द घालायचा नाही, मेळा म्हटलं की पोलीस, फायर, पार्किंग सगळ्यांची पत्रं लागतात. 'पारंपरिक फल-परिचय एवं वृक्ष-पूजन' असं लिहू. आणि किती माणसं येणार तो आकडा खरा द्या, शंभर लिहून पाचशे आणू नका.

आवळीचं झाड आवारात आहे की नाही ते मी सकाळच्या फिरण्यात बघून येतो, नसेल तर पूजन कशाचं करणार?


बागेतला_माणूस

नसेल तर लावू. दोन लावू, एकटी आवळी फळ कमी धरते. चकैयाचं एक आणि एनए-७ (नरेंद्र आवळा) चं एक कलम आणतो, तीन-चार वर्षांत फळं. तोपर्यंत माझ्या प्लॉटवरची फांदी.


मंडीवाले_काका

चरक मी बनवतो. सागाच्या चार फळ्या, खाली स्टीलची परात आणि वरून दाबायला ट्रकचा जॅक, माझ्याकडे पडलाय, १० टनाचा. नेटवर बघितलं, परदेशात पण हौशी लोक असाच बनवतात. आवळा काय चीज आहे, हाड पण पिळून निघेल.


जुन्या_इंदूरची

लोखंड आवळ्याला लागू देऊ नको रे. रस काळाकुट्ट होतो. आई विळीवर सुद्धा किसू द्यायची नाही.


मंडीवाले_काका

बरोबर आजी, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवतो. पण जॅकचं तेल थोडं गळतं हं, आधीच सांगून ठेवतो.


रामबागची_सून

काका, जॅक नवीन आणा. वर्गणीतून देते.